कोच गेला, पोरांचं काय?

लातूर असो, पुणे असो, नाहीतर पार कोटा असो... क्लासच्या दुनियेत एक बातमी दर दोन-तीन वर्षांनी फुटतेच. "फिजिक्सचे सर क्लास सोडून चालले!" झालं. अर्धा सिलॅबस उरलेला असतो, फी पूर्ण भरलेली असते, खोली आणि मेस वर्षभरासाठी ठरलेली असते, आणि आईबाप एकमेकांना फोन करून विचारत असतात, "तुमचा कुठे चाललाय? सरांच्या मागे की इथेच?" पावतीवर नाव क्लासचं असतं, पण पोरगं आलेलं असतं सरांसाठी. आणि सर एव्हाना दोन गल्ल्या सोडून नवा बोर्ड रंगवून घेत असतात.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये दरवर्षी हेच होतं. फक्त दोन गल्ल्यांच्या ऐवजी दोन हजार मैल असतात, आणि सरांना सोडवून न्यायला नवा क्लास जुन्या क्लासला लाखो डॉलर मोजतो. पोरांना सोडवायला मात्र बरीच वर्षं कुणी नव्हतं, आणि आज मी लिहायला बसले आहे ते त्याबद्दल.

(मावशीसाठी खास सूचना: हो, हा तोच खेळ. चेंडू हातात घेऊन पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात. का ते मला विचारू नकोस, मी त्या वादात गेली कित्येक वर्षं पडलेली नाही. :) )

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण भारतातल्या मंडळींना यातला 'कॉलेज' हा शब्द फसवतो. आपल्याकडे कॉलेजची टीम म्हणजे जिमखान्याच्या नोटीस बोर्डवर लागलेली यादी. इथे त्या टीमची मॅच बघायला एकेका स्टेडियममध्ये लाखभर माणूस जमतं, आणि कित्येक राज्यांत सरकारी पगारदारांमध्ये सगळ्यात जास्त पगार राज्याच्या विद्यापीठाच्या फुटबॉल कोचला असतो. गव्हर्नर कुठल्या कुठे राहतात. आणि या डोलाऱ्याचा पाया म्हणजे सोळा-सतरा वर्षांची शाळकरी पोरं. त्यांना हेरायचं, फोन करायचे, घरी जायचं, आईच्या हातचं जेवायचं, धाकट्या बहिणीचं नाव लक्षात ठेवायचं, आजीशेजारी सोफ्यावर बसून सांगायचं की "तुमचा मुलगा मी माझ्या मुलासारखा सांभाळीन." याला म्हणतात रिक्रूटिंग. एकेका पोराच्या मागे दोन-तीन वर्षं लागतात. मग एके दिवशी पोरगं जाहीर करतं की मी अमुक विद्यापीठाला 'कमिट' झालो. हा नुसता तोंडी शब्द, कायद्याने कुणालाच न बांधणारा. खरी सही होते बारावीच्या वर्षात, डिसेंबरमध्ये किंवा फेब्रुवारीत. फार पूर्वीपासून ती फेब्रुवारीत व्हायची, डिसेंबरची सोय २०१७ साली झाली, आणि आता बहुतेक सगळा बाजार डिसेंबरच्या पहिल्या बुधवारीच उरकतो.

आता गंमत अशी, की कोच लोकांचे हंगामसुद्धा नेमके तेव्हाच पिकतात. नोव्हेंबरच्या शेवटी नेहमीचे सामने संपतात, हरलेल्यांना काढतात, जिंकलेल्यांना पळवतात. म्हणजे पोरगं ज्या आठवड्यात पेन हातात घेऊन बसलेलं असतं, त्याच आठवड्यात समोरची खुर्ची रिकामी होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. लेन किफिनने २०२५ साली मिसिसिपी सोडून एलएसयूला जायचं ठरवलं तो रविवार होता, ३० नोव्हेंबर. सह्या सुरू होणार होत्या बुधवारी, ३ डिसेंबरला. मधे दोन दिवस! आपण फ्रिज घ्यायचा तरी यापेक्षा जास्त विचार करतो.

पण ही साखळी कशी असते ते समजून घ्यायचं तर जानेवारी २०२४ मधला एक आठवडा बघावा. मला तो आठवडा अजून तारीखवार पाठ आहे.

सोमवार, ८ जानेवारी. ह्यूस्टनमध्ये अंतिम सामना. मिशिगनने वॉशिंग्टनला ३४-१३ हरवलं. वॉशिंग्टनचा कोच केलन डीबोर. दोन वर्षांत त्याने २८ पैकी २५ सामने जिंकलेले.

बुधवार, १० जानेवारी. अलाबामाचा निक सेबन निवृत्त. सतरा सीझन, तिथली सहा राष्ट्रीय विजेतेपदं, वय बहात्तर. कधीतरी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्या दिवशी जाईल असं फार थोड्यांना वाटलं होतं.

शुक्रवार, १२ जानेवारी. अलाबामाने डीबोरला नेमलं. म्हणजे सिअॅटलची पोरं अंतिम सामना हरून परत येऊन बॅगा रिकाम्या करेपर्यंत त्यांचा कोच देशाच्या दुसऱ्या टोकाला.

रविवार, १४ जानेवारी. वॉशिंग्टनने अॅरिझोनाचा जेड फिश उचलला.

मंगळवार, १६ जानेवारी. अॅरिझोनाने सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन उचलला. मग सॅन होजे स्टेट शोधायला निघालं आणि त्यांना केन निउमाटालोलो मिळाला, तेव्हा कुठे ही आगगाडी थांबली. थांबली म्हणावं तर तेही खरं नाही. डीबोरला अलाबामात मदतनीस हवे होते, म्हणून त्याने साउथ अलाबामाचा आणि बफलोचा, असे दोन हेड कोच उचलून आपल्या हाताखाली घेतले. तिकडे परत दोन खुर्च्या रिकाम्या. एक म्हातारा घरी बसतो आणि पाच ठिकाणची शेकडो पोरं सकाळी उठून फोन बघतात तर आपला कोच नाही!

तेव्हाच्या नियमानुसार, हेड कोच गेला की त्या टीमच्या पोरांना तीस दिवसांची मुदत मिळायची. या तीस दिवसांत 'ट्रान्स्फर पोर्टल'मध्ये नाव घालायचं, की मी उपलब्ध आहे, कुणी घेता का? (पोर्टल म्हणजे शब्दशः एक संगणकावरची यादी. नाव पडलं की देशभरच्या कोचेसना फोन करायची मुभा.) ऐकायला बरं वाटतं. पण जानेवारीचा मध्य म्हणजे विद्यापीठांचे वर्ग सुरू झालेले, प्रवेशाच्या तारखा उलटत चाललेल्या, आणि समोरच्या टीममध्ये जागा तरी उरली आहे की नाही हे कुणी नीट सांगायला तयार नाही.

अलाबामाचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. केलेब डाउन्स, पहिल्याच वर्षी टीममध्ये सगळ्यात जास्त टॅकल केलेला मुलगा, ओहायो स्टेटला गेला. आयझाया बाँड टेक्ससला. ज्युलियन सेयिन हा कॅलिफोर्नियाचा क्वार्टरबॅक, शाळा लवकर संपवून नुकताच अलाबामात दाखल झालेला. ज्या माणसाकडे शिकायला आला त्याच्या हाताखाली एक सीझनही न खेळता तोही ओहायो स्टेटला. केडिन प्रॉक्टर म्हणून एक धिप्पाड पोरगा मूळचा आयोवाचा, तो घरी आयोवाला गेला, आणि वसंत ऋतू उजाडेपर्यंत परत अलाबामात आला! लोक त्याला फार हसले, आयोवावाले तर चिडलेच. मला मात्र ते वागणं या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात माणसासारखं वाटलं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला एका महिन्यात आयुष्याचा निर्णय घ्यायला लावल्यावर त्यातले काही निर्णय चुकणार, आणि चुकले की तो घराकडे बघणार, घरी पोचल्यावर त्याला कळणार की आपण मित्र तिकडे सोडून आलो.

आणि रायन विल्यम्स. हा मोबीलजवळच्या सारालँडचा, म्हणजे अलाबामातलाच. शाळेचं एक वर्ष वाचवून लवकर कॉलेजात येणार होता. सेबन गेल्याची बातमी आली त्याच संध्याकाळी त्याने आपला शब्द मागे घेतला. बाकीच्या कोचेसनी धाव घेतली असणारच. पण दोनेक आठवड्यांत डीबोरचा विचार पटला आणि गडी परत अलाबामाकडे. पुढे सप्टेंबरमध्ये जॉर्जियाविरुद्ध शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत पंचाहत्तर यार्डांचा टचडाउन करून त्याने सामना जिंकून दिला, ४१-३४, आणि तेव्हा तो फक्त सतरा वर्षांचा होता. आमच्या शेजारच्या बाई त्या रात्री फटाके वाजवायच्या बेतात होत्या.

आता हे सगळं होतं का? नुसतं "कोच आवडायचा" एवढंच नाही. जरा आत जाऊन बघू.

क्वार्टरबॅकची जागा एक असते. एका वेळी एकच मुलगा मैदानात. जो कोच लांब लांब पास टाकणारा खेळ खेळवतो, तो तसल्या हाताचा पोरगा हेरतो. उद्या तो गेला आणि पळणाऱ्या क्वार्टरबॅकवर डाव रचणारा नवा कोच आला, की पहिल्या पोराची गुणवत्ता एका रात्रीत बिनकामाची ठरते. शिवाय नवा कोच एकटा येत नाही. तो आपल्या जुन्या टीममधून आपला ओळखीचा क्वार्टरबॅक घेऊन येतो. डीबोरबरोबर वॉशिंग्टनहून ऑस्टिन मॅक आला, पार्कर ब्रेल्सफर्ड हा सेंटर आला. अॅरिझोनाला सही केलेला डिमाँड विल्यम्स हा क्वार्टरबॅक फिशच्या मागे वॉशिंग्टनला गेला, जोना कोलमन आणि इफिजियन्स प्रायसॉकही गेले. म्हणजे जुन्या घरातल्या पोराला कुणी "जा" म्हणत नाही. फक्त त्याच्या खुर्चीवर दुसऱ्याचा टॉवेल ठेवलेला दिसतो.

आणखी एक गोष्ट वर्तमानपत्रांत फारशी येत नाही. घरी येऊन आजीशेजारी बसलेला माणूस बहुतेक वेळा हेड कोच नसतोच. तो एकदा शेवटी येतो, फोटोपुरता म्हणा ना. दोन वर्षं रोज फोन करणारा, परीक्षेचे मार्क विचारणारा, गुडघा दुखतोय का विचारणारा माणूस म्हणजे हाताखालचा एखादा साहाय्यक कोच. हेड कोच गेला की हेही जातात. काहींना तो बरोबर नेतो, उरलेल्यांना नवा कोच काढतो, कारण त्याला त्याची माणसं आणायची असतात. म्हणजे पोराला विद्यापीठात ओळखणारं, त्याच्या स्वभावाचं कुलूप कुठल्या किल्लीने उघडतं ते माहीत असलेलं एकही माणूस उरत नाही. नवीन माणसाच्या हातात फक्त उंची, वजन आणि व्हिडिओ.

या सगळ्यावर एक ठरलेला उपदेश असतो. "बाळा, कोच बघून कॉलेज निवडू नकोस, कॉलेज बघून निवड." वडीलधारे हेच सांगतात, टीव्हीवरचे पंडितही. १९६४ पासून चालत आलेलं ते सहीचं पत्र होतं ना, 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट', त्यातही हेच छापलेलं असायचं, की मी ही सही विद्यापीठाशी करतो आहे, कोचशी नाही, आणि कोच गेला तरी मी बांधलेलाच आहे. पत्र मोडलं तर एक वर्ष खेळायचं नाही आणि खेळण्याच्या वर्षांतलं एक वर्ष वजा. कोच दुसऱ्या दिवशी नव्या गावात नव्या रंगाची टोपी घालून पत्रकारांपुढे उभा, आणि पोरगं इकडे बांधलेलं. विद्यापीठांनी मनात आणलं तर सोडायची, नाही आणलं तर नाही. हे पत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झालं. त्याआधी २०२१ पासून एकदा न थांबता बदली करायची सोय आली होती आणि एप्रिल २०२४ पासून कितीही वेळा. जुनी जाणती माणसं हळहळतात, निष्ठा राहिली नाही म्हणतात. मला या हळहळीबद्दल फार आस्था नाही. निष्ठेची अट साठ वर्षं एकाच बाजूला होती.

आणि तो उपदेश मला मुळातच अप्रामाणिक वाटतो. विद्यापीठ कधी कुणाच्या घरी जेवायला आलंय का? विद्यापीठाने कधी रात्री दहाला फोन करून "आज हरलात, वाईट वाटून घेऊ नकोस" असं म्हटलंय? आमिष म्हणून माणूस पाठवायचा आणि सहीच्या वेळी म्हणायचं की माणूस बघू नकोस, इमारत बघ.

मला हे जरा जास्तच लागतं त्याला कारण आहे. मी पीएच.डी.साठी इथे आले तेव्हा एका प्राध्यापकांचे पेपर वाचून आले होते. विद्यापीठाचं नाव आमच्या घरी कुणी ऐकलेलं नव्हतं, बाबांना नकाशात दाखवावं लागलं. तिसऱ्या वर्षी एका गुरुवारच्या लॅब मीटिंगमध्ये गाइडने सांगितलं की ते ऑगस्टपासून दुसऱ्या विद्यापीठात जात आहेत. पगार, मोठी लॅब, बायकोलाही नोकरी. कुणीही गेलं असतं. आम्ही चौघं होतो. दोघं त्यांच्याबरोबर गेले. एकजण डिग्री अर्धी टाकून नोकरीला लागला. मी राहिले, कारण नवऱ्याची नोकरी याच गावात होती आणि तिकडे जाऊन पात्रता परीक्षा पुन्हा द्यावी लागली असती. दुसरे गाइड मिळाले, चांगले होते, पण त्यांना माझ्या विषयात रस होता तो पाहुण्याच्या बाळात असतो तेवढा. माझा प्रबंध झाला, त्याचं शीर्षक मात्र मी आले होते त्या विषयाचं नाही. विभागप्रमुखांनी तेव्हा मला समजावलं होतं, "तुझा प्रवेश विद्यापीठात आहे, व्यक्तीकडे नाही." वाक्य कायद्याने बिनचूक होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. ही पोरं अठराची असतात.

असो. फुटबॉलकडे परत येते.

तीन प्रकारच्या पोरांपैकी सगळ्यात बरी सुटतात ती ज्यांनी अजून सही केलेली नाही. त्यांनी नुसता शब्द दिलेला असतो, तो परत घेता येतो. लिंकन रायली २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियात यूएससीला गेला, तर त्याला शब्द दिलेला मलाकाय नेल्सन हा क्वार्टरबॅक लगोलग त्याच्या मागे गेला. पुढे केलेब विल्यम्सही ओक्लाहोमातून तिकडे गेला आणि २०२२ ची हाइझमन ट्रॉफी तिथे जिंकला. पण मलाकायच्या हाताशी अजून एक वर्षाहून जास्त वेळ होता. सही करून बसलेले आणि नुकतेच होस्टेलवर सामान टाकलेले, त्यांची अवस्था सगळ्यात वाईट. आणि टीममधला जो मुलगा तारा नाही, तिसऱ्या फळीतला आहे, त्याच्याबद्दल तर कुणी लिहीतच नाही. डाउन्सला देश घ्यायला तयार असतो. तिसऱ्या फळीतल्या पोराने पोर्टलमध्ये नाव घातलं आणि फोन वाजलाच नाही, तर मागे ठेवलेली स्कॉलरशिप त्याची राहीलच याची खात्री नसते. अशी पोरं दरवर्षी बरीच असतात.

उलटंही घडतं. ब्रायन केली २०२१ च्या नोव्हेंबर अखेरीला नोत्र दाम सोडून एलएसयूला गेला तेव्हा नोत्र दामने बाहेरचा माणूस शोधण्याऐवजी घरातल्याच मार्कस फ्रीमनला चार दिवसांत हेड कोच केलं. खेळाडूंचा त्याच्यावर जीव होता, आणि शब्द दिलेली बहुतेक पोरं टिकली. हा मला सगळ्यात शहाणा उपाय वाटतो, पोरांना ओळखणारा माणूस जागेवर ठेवणं. जानेवारी २०२५ मध्ये नोत्र दाम अंतिम सामन्यापर्यंत गेलं. एलएसयूने केलीला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढून टाकलं. (आणि किफिन गेला तो याच रिकाम्या खुर्चीवर. कसं फिरत फिरत येतं बघा.)

नोत्र दामची बहुतेक पोरं टिकली म्हटलं, पण एक सुटला होता, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल. टेटायरोआ मॅकमिलन. कॅलिफोर्नियात अॅनाहाइमला सर्व्हाइट नावाची मुलांची कॅथलिक शाळा आहे, तिथला हा सहा फूट पाच इंच उंचीचा रिसीव्हर. नोत्र दामला त्याने शब्द दिलेला होता. केली गेल्यानंतर दोनेक आठवड्यांनी सहीचा दिवस आला आणि याने सही केली अॅरिझोनाला! लोक चाट पडले. अॅरिझोनाने त्या सीझनमध्ये बारा सामन्यांपैकी जिंकला होता एक. फक्त एक. पण तिथे त्याच्याच शाळेचा क्वार्टरबॅक नोआ फिफिटा निघाला होता. हा पाच फूट दहा इंच, बऱ्याच मोठ्या टीमांना बुटका वाटलेला. शाळेतले आणखी दोघं, कियान बर्नेट आणि जेकब मानू, तेही तिथेच. चौघं मित्र एकत्र टूसॉनला गेले.

मग एक-अकरावरून पाच-सात, आणि २०२३ मध्ये दहा-तीन. फिफिटाला संधी मिळाली ती पहिला क्वार्टरबॅक दुखावला म्हणून, आणि मिळाल्यावर त्याने ती सोडली नाही. अॅलामो बोलमध्ये ओक्लाहोमाला हरवलं. टूसॉनमध्ये कित्येक वर्षांनी लोक फुटबॉलबद्दल बोलायला लागले. आणि अडीच आठवड्यांत फिश वॉशिंग्टनला गेला.

सगळ्यांनी धरून चाललं की आता ही जोडी जाणार. मागणी प्रचंड. जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींचे वगैरे पैसे घेता येतात, त्यामुळे दुसरीकडे मिळाले असते ते पैसेही थोडेथोडके नसणार. ओळखीचा कोच वॉशिंग्टनमध्ये बसलेला. ब्रेननला ही दोघं ओळखतही नव्हती. आणि दोघांनी जाहीर केलं, आम्ही राहतोय.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. हे 'कॉलेज बघून निवडणं' नव्हतं, आणि कोच बघून निवडणं तर नव्हतंच, तो गेला होता. मला वाटतं कोच भरती करतो, तीन वर्षं बोलतो, एका गावात वीस-पंचवीस अनोळखी पोरं आणून टाकतो, आणि मग निघून जातो. पोरं मात्र तोवर एकमेकांची झालेली असतात. कुणाच्या घरी येऊन कुणी दिलेलं नाही असं एक वचन त्यांच्यात तयार झालेलं असतं, आणि ते रद्द करायला कुठलीही मुदत पुरत नाही. फिफिटा-मॅकमिलनचं तर शाळेपासूनचं.

सिनेमा असता तर पुढे ते सगळे सामने जिंकले असते. २०२४ मध्ये अॅरिझोना चार जिंकलं आणि आठ हरलं. मॅकमिलनने तेराशेहून जास्त यार्ड काढले आणि एप्रिल २०२५ मध्ये कॅरोलायना पँथर्सने त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं, म्हणजे त्याचं भलं झालं. फिफिटाचा तो सीझन मात्र वाईट गेला, इंटरसेप्शन्स खूप झाली, आणि सोडून जायचं रास्त कारण त्याला पुन्हा एकदा मिळालं. तो पुन्हा राहिला. २०२५ मध्ये अॅरिझोनाने नऊ सामने जिंकले. नऊ काही विजेतेपद नव्हे. पण टूसॉनमधल्या लोकांना विचारा.

नियम करणाऱ्यांनी मधल्या काळात आणखी एक दुरुस्ती केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीस दिवसांची मुदत गेली. त्याऐवजी नवा कोच नेमल्यानंतर पाच दिवसांनी सुरू होणारी पंधरा दिवसांची मुदत आली. म्हणजे निदान नव्या माणसाचं तोंड बघून, त्याच्याशी चार शब्द बोलून मग ठरवता येतं. यात शहाणपण आहे. हेही खरं की दिवस निम्मे झाले. आणि शाळेतल्या, अजून सही न केलेल्या पोरांना यातलं काहीच लागू नाही, त्यांची तारीख कुणासाठी थांबत नाही.

त्याचा हिशेब दिसला पेन स्टेटमध्ये. जेम्स फ्रँकलिन तिथे २०१४ पासून होता. २०२५ च्या सीझनपूर्वी त्याची टीम देशात दुसऱ्या क्रमांकावर धरली होती. लागोपाठ तीन सामने हरले, शेवटचा घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून एका गुणाने, आणि दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, त्याला काढलं. पाच आठवड्यांनी त्याला व्हर्जिनिया टेकने घेतलं. दरम्यान पेन स्टेटला शब्द दिलेली पोरं एकेक करून गळत होती, आणि त्यातली बरीच सरळ फ्रँकलिनच्या मागे ब्लॅक्सबर्गला गेली. पेन स्टेट नवा कोच शोधत राहिलं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला.

३ डिसेंबरचा बुधवार उजाडला. एरवी तिथे त्या दिवशी वीस-पंचवीस सह्या होतात. त्या दिवशी दोन झाल्या.

त्या दोन मुलांनी कागदावर नाव लिहिलं तेव्हा आपला पुढचा हेड कोच कोण हे त्यांना कुणीही सांगू शकत नव्हतं. दोन दिवसांनी, शुक्रवारी, ते ठरलं. मॅट कँपबेल, आयोवा स्टेटचा. आणि त्या रात्री आयोवामधल्या एम्स नावाच्या छोट्या गावातल्या होस्टेलवर पोरांचे फोन वाजायला लागले असणार.